राय

मोठं मशीन गल्लीत शिरलंच नाही.
एका अंगाला मीटरची पेटी, दुसऱ्या अंगाला फर्नांडिसांची पायरी,
आणि पायरीला हात लावू द्यायला फर्नांडिस तयार नव्हते.
म्हणून मला फोन आला.

माझा ट्रॅक्टर बुटका, सत्तावीस घोड्यांचा.
पुढे सूप, मागे सोंड.
चांदिवलीच्या बंद खाणीमागे
अंगणवाडीला अंगण हवं होतं.
(नावात होतं, जागेवर नव्हतं.)
जागेवर होते दगड :
म्हशी बसाव्यात तसे, काळे, अर्धे मातीत,
उठायची कसलीच घाई नसलेले.

दोन दिवसांत बारके निघाले.
तिसऱ्या दिवशी हा.
वरून चुलीएवढा.
खणत गेलो तसा पिंपाएवढा,
मग कपाटाएवढा,
मग मी मोजणं सोडलं आणि चहा मागवला.

सोंडेचे दात त्याच्या बुडाशी घातले, दांडा ओढला.
पंप किंचाळला.
पाय रोवलेले असूनही
ट्रॅक्टर दगडाकडे सरकला.
दगड ट्रॅक्टरकडे नाही.

इरफान म्हणाला, सुरुंग लावू.
रेवतीबाई घरत दारातून म्हणाल्या, आत पंधरा मुलं झोपलीत.

मग जुनीच रीत.
एका बाजूने खणायचं, दुसऱ्या बाजूने बोटभर उचलायचं,
इरफानने पहारीनं त्या फटीत चीप सारायची,
सोडायचं. श्वास घ्यायचा.
पुन्हा बोटभर.
पुन्हा चीप.
यात जोराचं काही काम नाही.
दगडाला कळू न देता
त्याच्याखाली दुसरी जमीन रचायची, एवढंच.

दुपारी तीनला तो कलला,
आणि मातीतली त्याची बाजू उजेडात आली.

भोकं. एका ओळीत सात.
टिकाव-फावड्याची नव्हेत, पाण्याची नव्हेत,
छिन्नी फिरवत फिरवत पाडलेली,
दोन भोकांत बरोबर एक वीत.
सहा खोल.
सातवं नुसतं सुरू केलेलं.

मी इंजिन बंद केलं.

आमच्या घरच्या बोलीत दगडाला राय म्हणतात.
माझा आजा, यल्लाप्पा अलकुंटे, याच खाणीत रोजावर होता.
सुतकीच्या घावांनी त्याचा उजवा कान गेला, म्हणून
आयुष्यभर तो माणसांकडे डावा गाल करून बोलायचा.
आत्या सांगते, तो दगडाला ठोकून ऐकायचा
आणि म्हणायचा, हा फुटेल, हा नाही.
ती भोकं त्याचीच, असं मी म्हणत नाही.
तेव्हा इथे दोनशे वडार होते, आणि वीत सगळ्यांनाच असते.
पण सातव्या भोकाशी कुणीतरी थांबला होता.
भोंगा झाला असेल. मुकादमाने हाक मारली असेल.
खाणच बंद झाली असेल त्या दिवशी,
आणि घण खांद्यावर टाकून तो निघून गेला असेल
उद्या येतो, असं काहीतरी बोलून.

मी माझी वीत लावून पाहिली.
पुरली नाही. माझा हात मोठा,
आणि मऊ.

इरफान म्हणाला, शेठ, तास चालू आहे.

पाचपर्यंत तो अंगणाच्या कडेला नेला.
उचलून नाही. सुपाने ढकलत, लोळवत,
दर गिरकीला जमीन एकदा दबकी होऊन.
भोकं वर आणून बसवला.
रेवतीबाई म्हणाल्या, हा इथेच ठेवणार?
म्हटलं, हा फुटणारा नाही.
हे खरं की खोटं, मला माहीत नाही.
मी ठोकून पाहिलं नव्हतं.

बिल लिहिलं : साडेसात तास, तासाला आठशे,
डिझेल वेगळं, होजपाइपाची गळती माझ्या डोक्यावर.
तीन ते साडेतीन
लिहिलं नाही.

ट्रॅक्टर गल्लीबाहेर काढताना
फर्नांडिस पायरीवर उभे राहून पायरी मोजत होते.
मागे मुलं जागी झाली होती,
दगडाभोवती जमून भोकांत बोटं घालत होती,
कुणाची कोपरापर्यंत जाते यावर भांडत.
सगळ्यात धाकट्या मिस्बाला
कुठल्याच भोकाचा तळ लागेना.
मग तिला सातवं सापडलं.
करंगळीचं एक पेर आत,
आणि ती ओरडली,
हे माझ्या मापाचं आहे.