कडू घास

शेषरावची माती झाली त्या संध्याकाळी
देवकाच्या चुलीत राख थंडी पडली होती.
म्या भाकरी थापल्या, बेसन घोटलं,
बिनफोडणीचं. फोडणीचा वास
त्या घरी नेऊ नये म्हणतात.

आमचं बोलणं बंद होतं
माही शेळी तिच्या मेथीत शिरली तेव्हापासून.
तीन होळ्या झाल्या.

ओसरीत बाया बसल्या होत्या.
कोणी म्हणे, सोनं झालं, हाल नाही झाले.
कोणी म्हणे, पोराकडं पाहून जग आता.
पोरगं कोपऱ्यात
भादरलेलं डोकं सारखं चाचपत होतं.

म्या काहीच म्हटलं नाही.
ताट पुढं केलं.
तिनं घास मोडला, तोंडात घोळवला,
गिळता येईना. पाणी देल्लं.
मंग खाली पाहूनच म्हणाली,
'मीठ कमी हाय वं.'

'हो,' म्हटलं.
शेळीचं नाव दोघींनीही काढलं नाही.

उठलो तवा रात झाली होती.
उंबऱ्यात जीभ वळवळली,
पण सुतकाच्या घरून निघताना
'येतो' म्हणू नये.

डब्बा तिथंच ठेवला.
झाकण तेवढं घरी आणलं.