उसनं विरजण

बरणी उघडली तर आंबूस नाही, कुजका वास.
तीन हिवाळे तळघरात विसरलेलं यीस्ट.
कोमट माल्टच्या पाण्यात घातलं,
स्वेटरात गुंडाळून रात्रभर चुलीशी ठेवलं.
सकाळी एक बुडबुडा नाही.

शनिवारी पोरीचं लग्न, बिअर तर घरचीच हवी.
म्हणून टॉर्गाइर फ्योर्डच्या काठाकाठानं
ओस्मुंडच्या दारात येऊन उभा राहिला.
साडेतीन हात कुंपणापायी
अकरा वर्षं बोलणं नव्हतं.

ओस्मुंडनं काही विचारलं नाही.
माळ्यावरचं लाकडी कडं काढलं,
सुरीनं खरवडून
चिमूटभर करड्या खपल्या कागदात बांधल्या.
"अंगाइतकं कोमट. जास्त नको,"
जणू ह्याला ठाऊकच नाही.

रात्री दीडला झाकणाखाली
कुजबुज सुरू झाली.
टॉर्गाइर उकिडवा बसून ऐकत राहिला.
संत्र्याच्या सालीचा वास, मागून किंचित धूर:
हा तर आपल्याच घरचा!
आईनंच दिलं असणार ओस्मुंडच्या बापाला,
कुंपणाआधी कधीतरी.

पहाटे फेस काढून त्यानं नवी बरणी भरली,
तारीख लिहिली.
बायकोनं विचारलं,
पहिली घागर कुणाकडे धाडायची?
तो बरणी पुसत राहिला.
पुसून झालेलीच होती.