कोनतं पिंपळगाव?

तुरीच्या धुऱ्यावर पणजाचं थडगं.
डेव्हिड प्रीस, कोळसा खाण, इतकं वाचता येतं.
गावाच्या नावातलं 'ल्लान' तेवढं उरलं,
पुढचा तुकडा कोणीतरी
पाटा करायला नेला असावा.

वेल्सच्या एका चर्चला पत्र टाकलं.
चार महिन्यांनी उत्तर :
ल्लाननं सुरू होणारी गावं इथं शेकडो आहेत.

म्हणजे वणीच्या स्टँडवर उतरून
पिंपळगावची वाट पुसण्यासारखं.
कोनतं वं बाई? नदीवालं का टेकडीवालं?

पोस्टमन मडावी म्हणाला,
तुमचं रेशनकार्ड तं इथलंच आहे, प्रीसबाई.
अन् सायकलवर टांग मारून गेला.

घरी वहिनी ताट घेऊन
धाकट्याच्या मागं मागं :
ये रे बाख, एकच घास.
आमच्यात शेंडेफळाला बाखच म्हणतात,
बकरीच्या पिलालाही.
का, ते आजीलाही माहीत नव्हतं.

पत्र पुन्हा काढलं. सहीच्या वर
तिकडच्या भाषेतली एक ओळ, खाली तिचा अर्थ :
लहानग्यांना आशीर्वाद.
शेवटचा शब्द बी, ए, सी, एच.
मी तो इतके दिवस
बॅच वाचत होते.

बाख काही जेवला नाही.