आवाज मागून येतो

पास मिळाले नाहीत.
वायुसेनानगरात ज्याची ओळख होती
तो धामगडे ऐनवेळी फोन उचलेना,
म्हणून हजारीपहाडला, सातपुत्यांच्या गच्चीवर
आम्ही चाळीसेक जण,
वाळत घातलेल्या मूगवड्या एका कडेला सरकवून.

मी गिट्टीखदानला सायलेन्सर जोडतो.
कुणाला फटफटी मुकी करून हवी असते,
कुणाला गल्ली हादरेल अशी.
दोन्हीचे पैसे सारखेच घेतो.
आवाजातलं मला कळतं, असं मी धरून चाललो होतो.

सोबत बहिणीची पोट्टी. श्रावस्ती. नऊ वर्षांची.
नाव ठेवलं तेव्हा कुणाला ठाऊक
की हिला ऐकू येत नाही.
पुढे कुणी म्हणालं, बदलून टाका,
तर तिनंच हवेत बोटानं काढून दाखवलं,
एकेक अक्षर, दुसऱ्या वेलांटीसकट.

पहिली तीन आली फुटाळ्याकडून.
आली म्हणजे गेलीच.
आवाज फुटला तशा सगळ्या माना
आवाजाकडे वळल्या,
आणि तिथं आभाळ रिकामं,
एक घार तेवढी, वाट चुकल्यासारखी.
'कुठी हाय बे? आताच तं आवाज आला!'
वर धरलेले मोबाइल
धुराच्या शेपट्यांचे फोटो काढत राहिले.

श्रावस्तीचं बोट
कितीतरी पुढे, सेमिनरी हिल्सच्या झाडांवर,
विमानाच्या बरोबर नाकाशी.

दुसऱ्या खेपेला तेच. तिसऱ्या खेपेलाही.
मग सातपुत्यांची सून म्हणाली,
'आवाजाकडे काहून पाहून राहिले?
या पोरीच्या बोटाकडे पाहा ना.'
आणि चाळीस माणसं,
त्यांत एक रिटायर्ड तहसीलदार,
तिच्या बोटामागे फिरू लागली
टेबलफॅनसारखी, इकडून तिकडे.

मग नऊ एकदम.
पंखाला पंख. व्हेरायटी चौकात
दोन ऑटो एवढे जवळ आले तर शिव्या होतात.
ती उलटी झाली, पोटं दाखवून
आमच्या डोक्यावरून गेली,
कुत्री ओम्नीखाली शिरली,
कुणाचं तान्हं रडत होतं, नुसतं उघडं तोंड दिसत होतं,
मी ओरडत होतो, काय ते मलाच ऐकू येईना.
मिनिटभर गच्चीवर
सगळे हातांनी बोलत होते. चुकीच्या खुणा,
अर्धवट, गावंढळ.
तेवढा वेळ तीच एक सुशिक्षित.

पाण्याच्या काळ्या टाकीला तिनं गाल लावला होता.
टाकी अर्धी रिकामी.
विमानं गेली, लोक उतरले, वड्या पुन्हा पसरल्या,
तरी ती तिथंच, डोळे मिटून.

वाडीला तिला सोडायला जाताना
अमरावती रोडवर गाड्या तुंबलेल्या.
मागून पाठीवर थाप. आरशात तिचे हात:
ही विमानं बाकीच्या दिवशी काय करतात?
त्याची खूण मला येते.
केली नाही.

मग दुसरा प्रश्न:
तो कसा होता?
तो म्हणजे काय, ते कळलं मला.

स्कूटर कडेला घेतली.
डिकीत मांजरपाटाचं फडकं होतं, ऑइल पुसायचं.
एक टोक तिच्या मुठीत, एक माझ्या,
आणि एका दमात उभं फाडलं.
टर्रर्र करत ते तिच्या बोटांपर्यंत गेलं.
ती हबकली. हात सोडला. पुन्हा धरला.
परत, म्हणाली.
परत.
मागचे हॉर्न मारत होते, मारू दिले.

फडकं बोटभर उरलं
तेव्हा तिनं गळ्यातली कोरी ओढणी सोडली
आणि एक टोक माझ्यापुढे केलं.
'तुही माय मारन तुले,' मी म्हटलं, तोंडानं.

तिनं ऐकलं नाही.