कळवते

आमच्या वेंगुर्ल्यात म्हणतात, नारळ दिला.
देऱ्यातल्या त्या सातव्या मजल्यावर
नारळसुद्धा नव्हता.
प्रिंटरच्या कागदाचा रिकामा खोका होता,
आणि कुंजुमोन, आमचा पीआरओ,
ज्याला माझ्या व्हिसाची तारीख माझ्याआधी पाठ.
"साठ दिवस, मॅडम," म्हणाला,
आणि मी आत शिरेपर्यंत लिफ्टचं बटण दाबून उभा राहिला.

अकरा वर्षं मी माणसं भरली.
भरली, हाच शब्द. गोणी भरतात तशी.
वेल्डर चाळीस, स्कॅफोल्डर शंभर,
हॉटेलला मुली, पाच फूट दोनच्या वर.
पासपोर्टावरचं वय आणि चेहऱ्यावरचं वय
यांची वजाबाकी केली दर वेळी.
"मधली दोन वर्षं कुठे होतात?"
हे इतक्या सवयीनं विचारायची
की उत्तर येईतो पुढची फाइल उघडलेली असे.
एकजण म्हणाला, बायको गेली.
मी लिहिलं: खंड, वैयक्तिक.
आणि म्हटलं, कळवते.

जुलै. शारजात खोलीतून बाहेर पाऊल टाकलं
की चष्म्यावर धुकं.
मग थांबायचं, जिन्याशी,
समोरचा खांब दिसू लागेपर्यंत.
खांबावर चिकटवलेले कागद: बेडस्पेस, फक्त लेडीज,
खाली फोन नंबरांच्या कातरलेल्या शेपट्या.
माझ्या बेडचा कागद कधी लागेल,
याचा हिशेब मी रोज तिथेच करायची.
मारिसेलनं भाडं मागितलं नाही.
फक्त भात दोन वाट्या जास्त लावू लागली,
आणि विचारलं तर म्हणे, कुकरच मोठा आहे.

चौदा मुलाखती झाल्या. त्यातल्या एकीत
समोर सव्वीस वर्षांचा मुलगा,
माझेच प्रश्न, माझ्याच क्रमानं.
पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता?
हे त्याला कुणी शिकवलं, मला ठाऊक होतं.
तिला मी शिकवलं होतं.
मी उत्तर देत होते,
तो पुढची फाइल उघडत होता.
"कळवतो," म्हणाला.
बाहेर आल्यावर हसू आलं, मग चहा प्यायले, करक,
साखर जास्त. एक दिरहम.
त्या महिन्यात एक दिरहम म्हणजे एक दिरहम होता.

सत्तेचाळिसाव्या दिवशी अजमान.
टायरच्या दुकानावर दोन खोल्या,
रबराचा वास फाइलींनाही.
मालक लछमणदास, पान सोडून वीस वर्षं झालेले,
पण बोलताना गाल अजून एका बाजूला.
मधल्या दिवसांबद्दल विचारलं नाही.
पगार सांगताना टेबलाकडे पाहिलं.
मीही असाच सांगायची, टेबलाकडे पाहून,
म्हणून आकडा ऐकायच्या आधीच कळला.
जुन्याच्या दोन तृतीयांश.
हो म्हटलं. आवाज थोडा मोठाच निघाला.

पंधरा तारखेला खुर्ची मिळाली, एक चाक रुसलेलं,
आणि ट्रेड टेस्टची यादी.
बारा निवडलेले, एकसष्ट नाही.
बारांना फोन झाले. दुपार बरीच उरली होती.
एकसष्टांच्या नावांवर बोट ठेवत बसले.
नंबर सगळ्यांचे होते,
नंबर नेहमीच होते.

पहिला लावला: फुलचंद बोरकुटे, पाइप वेल्डर, भंडारा.
मागे बाजार चाललेला, कोंबडी, हॉर्न.
"अजमानहून बोलते. तुमचं या वेळी झालं नाही."
बराच वेळ नुसता हॉर्न.
मग तो म्हणाला, "नाही म्हणायला फोन?
आयएसडी लावून?"
पुन्हा थांबला. खरंच कोड्यात पडलेला.
"मॅडम, तुम्हाला दुसरं काम नाही का?"

आहे, म्हटलं.
आजपासून आहे.