खालच्या बांधीची

धान मळून झालं की भाट येतो, नदीपलीकडून,
सायकलच्या कॅरिअरला लाल फडक्यात बांधलेली वही.
यंदा मीही गेले सावरबोडीला ऐकायला,
मामाच्या ओसरीवर, बायांच्या मागच्या रांगेत.

तो सुरात वाचतो :
दुधरामाचा उदाराम, उदारामाचा आसाराम,
आसारामाचे तीन, पैकी थोरला मोतीराम निपुत्रिक.
एवढे राम,
आणि दुधरामापाशीच कुठेतरी, दम घ्यायला थांबल्यासारखं,
"लेकी दोन. दिल्या."

त्या दिलेल्या दोघींतली एक जैतुरा.
मी तिच्या लेकीच्या लेकीची नात,
म्हणजे वहीच्या हिशेबी कुठेच नाही.
माझ्यापाशी आहे ते ऐकीव,
रोवण्याच्या चिखलात
वाकल्या पाठींवरून पुढे सरकत आलेलं.

नऊ वर्षांची दिली पळसटोल्याच्या मालगुजाराकडे.
आंदणात बापाने तलाव दिला.
गाय नाही, पुतळ्यांची माळ नाही, तलाव :
पाळीसकट, तुडुमासकट, पाळीवरच्या बावीस मोहांसकट.
वरात पाळीवरून चालली तेव्हा म्हणे तिने डोकं बाहेर काढून विचारलं,
"यातले मासे बी माहेच का?"

सोळाव्या वर्षी नवरा हैजाने गेला.
तेरावं सरलं नाही तोच बैठक बसली.
पोरगी माहेरी गेली तर पाणीही मागोमाग जाईल,
म्हणून धाकट्या दिराशी पाट लावला.
आमच्याकडे एकच शब्द पुरतो :
पाणी वळवायचं तरी पाट,
बाई वळवायची तरी पाट.
पहिल्याचा मुलगा दुसऱ्याला आधी काका म्हणायचा,
मग बाबा,
मग वाटणीच्या दिवशी पुन्हा काका.

पुढे त्याच मुलाला तिने भावाची पोर केली.
आत्या होती, सासू झाली.
उदाराम पान जमवत म्हणाला, आता दोन्ही घरं एक.
तीन वर्षं होती एक.
चौथ्या वर्षी पावसाने तोंड फिरवलं,
उदारामाचा ऊस वाळू लागला वर, जावयाचं धान खाली,
आणि मामा-भाचे भंडाऱ्याच्या कचेरीत
एकाच झाडाखाली, पाठीला पाठ लावून,
वेगवेगळे वकील.

तिला साक्षीला नेलं, बंद दमणीतून.
वकिलाने विचारलं, बाई, तुम्ही नेमक्या कोणाकडच्या?
दुधरामाची लेक, यांची बहीण, त्यांची आई,
एकाची विधवा, दुसऱ्याची घरची;
कोर्टाला एक काय ते सांगा.
पदर पुढे ओढून ती म्हणाली,
"मी खालच्या बांधीची जी.
वरच्याइचं भरलं का मंग माह्याकडं येते."
साहेब हसले.
कारकुनाने लिहिलं : साक्षीदार असंबद्ध बोलते.

त्या रात्री तुडुमाचा खुंटा कोणी उपसला
ते कोणत्याच कागदात नाही.
सकाळी दोन्ही गावांच्या बांध्या ओल्या,
तलावात गुडघाभर गाळ,
आणि मालगुजारीणबाई, एवढ्या मोठ्या घरची,
लुगडं खोचून टोपलीत मासे भरत होती.

वही मिटता मिटता मी भाटाला म्हटलं, तिचं नाव लिहा.
तो म्हणाला, नव्या ओळीचे पाचशे, आणि शाल.
पाचशे दिले. शाल मामीने पेटीतली काढली, तिला काय वाटलं कोणास ठाऊक.
मग पेन धरून तो बराच वेळ बसला.
"लिहू कोणाच्या खाली?
बापाच्या पानावरून गेली,
नवऱ्याची वही दुसऱ्या भाटाकडे."
शेवटी समासात लिहिलं, आडवं,
जिथे तो उधारी लिहितो तिथे.
जयतुरा, असं. चुकीचं.
मी काही बोलले नाही.

परतताना तलावावरून आले.
पाटबंधारेवाल्यांची पाटी आहे : मा. मा. तलाव.
माजी मालगुजारी, असं त्यांचं म्हणणं.
शेळ्या राखणाऱ्या पोराला विचारलं, मामा म्हणजे कोणाचा रे?
"आमचाच," तो म्हणाला, आणि शेळीमागे धावला.

पाळीवर आता सतरा मोह आहेत.
मोजले मी.