खड्डे

एकतीस वर्षं मी शिखरंच मोजली.
ग्वाल्हेरात, दौलतगंजच्या या जिन्याखालच्या खोलीत,
गुलाबी कागदावर कर्कटक टेकवून:
छातीवरच्या पहिल्या बिंदूची खोली,
पाचव्याची उंची,
बेरीज पस्तीस चौकटींच्या आत असली
की शिक्का. मर्यादेत.
चला, पुढचे.

काटक पोरांची शिखरं उगाच उंच.
अंगानं भरलेल्यांची मांसाखाली दबून बुटकी.
रेषेला स्नायू दिसत नाही,
कातडीपर्यंत पोचतं तेवढंच ती लिहिते.
हे मला ठाऊक होतं.
शिक्का मात्र एकच होता.

मग किरकिरे डॉक्टर आली, वय एकोणतीस.
"मावशी, शिखरं सोडा.
बारांतला सगळ्यात खोल खड्डा शोधा,
त्यात छातीवरच्या चौथ्याचा मिळवा.
पुरुषाला अठ्ठावीस, बाईला तेवीस.
त्यावर गेलं की मला हाक मारा."
मी नुसता चष्मा पुसला.

रामसेवक कुशवाह, गजकवाला.
बावीस हिवाळे मोगरीनं तीळगूळ कुटतोय.
बनियन काढून आडवा झाला,
जेली लागताच म्हणाला, "अरे बाईजी, बर्फ है क्या!"
उजवा दंड डाव्याच्या दीडपट.
कुटून कुटून गजक पातळ होते,
कुटणारा जाड.
आतही तेच चाललेलं असणार,
रात्रंदिवस दाबाविरुद्ध रक्त ढकलणारी ती भिंत,
तिला सुट्टी नाही.

बारा आणि चौदा, सव्वीस.
शिक्का हातात घेतला होता.
एकोणीस आणि तेरा
बत्तीस.
पुन्हा मोजलं. बत्तीसच.
इकोत भिंत निघाली सोळा मिलिमीटर.
"मतलब ताकद ज़्यादा है?" त्यानं विचारलं.
किरकिरे त्याच्या शेजारी स्टूल ओढून बसली.

संध्याकाळी मी लोखंडी कपाट उघडलं.
जुन्या पट्ट्या. थर्मल कागद,
रेषा कधीच उडून गेलेल्या.
चांदोरकर वेणू, वय अठ्ठेचाळीस, वजन ब्याऐंशी.
नुसत्या चौकटी,
आणि कोपऱ्यात माझ्याच अक्षरात, बॉलपेननं:
चोवीस. मर्यादेत.
ते तेवढं उडालेलं नाही.

दिव्याखाली धरून पाहिली,
तिरपी करून पाहिली,
मग चौथी रेषा जिथे असायची
तिथून बोट फिरवलं.
कागद गुळगुळीत होता.